दुसऱ्या भागातला पिपा

ज्या खेळाच्या दुसऱ्या भागाची मी कॉलेजपासून वाट पाहत होते, तो आला तेव्हा मी उघडलाच नाही. लॅपटॉपवर उतरवून तेवढा घेतला, कारण तो आधीच नोंदवून ठेवला होता आणि आमच्या गावच्या नेटला कधी नव्हे ती दया आली होती. पण नंतर पडद्यावरच्या त्याच्या चित्राकडे पाहायचं टाळू लागले. धुक्यात पाठमोरी उभी असलेली एक मुलगी, हातात टॉर्च. ते चित्र मी ओढत ओढत खालच्या कोपऱ्यात नेलं, जुन्या फोटोंच्या गर्दीत, जिथं नजर सहसा जात नाही. तरी जायचीच.

हा खेळ भीतीचा. म्हणजे गाड्या पळवायच्या नाहीत, गोळ्या झाडायच्या नाहीत. फक्त घाबरायचं आणि जिवंत राहायचं. पहिल्या भागात एक मुलगी बंद पडलेल्या खाणीच्या गावात अडकते. तिच्याकडे हत्यार नाही, टॉर्चची बॅटरी ऐन वेळी दगा देते, आणि त्या ओसाड गावात काहीतरी फिरत असतं. ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं, आणि त्यालाही ती ऐकू येते. पाय वाजला, दार करकरलं की ते आलंच म्हणून समजा. मग मिळेल त्या कपाटात शिरून श्वास रोखून बसायचं. मी खुर्चीवर बसून खरोखर श्वास रोखायची. संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

आवडायला कारण होतं. आमचं गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे, एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला मँगनीजच्या खाणी. बाबा खाणीतच कामाला, त्यांच्या कपड्यांची काळी धूळ घरात कुठंही सापडायची. परदेशात कुणीतरी बनवलेल्या खेळात तशीच काळी धूळ, तशीच ट्रकची वाट, तसेच मातीचे ढिगारे. पडद्यावर आपल्या ओळखीचं काही दिसणं ही आमच्याकडच्या माणसांना रोज मिळणारी चैन नाही. आणि दुसरं म्हणजे त्या खेळाला नियम होते. कडक होते, पण खरे होते. आवाज केला नाहीस तर ते येणार नाही, म्हणजे नाही. तुमसरला मी ज्या केंद्रावर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते, तिथं सगळं बरोबर भरूनही अर्ज परत येतो. त्या मानानं भूत बरं, शब्दाला पक्कं.

आईला हे सगळं रिकामपणाचे धंदे वाटायचे. मी कानाला हेडफोन लावून दचकताना दिसले की ती दारातून म्हणायची, "काहून वो, घरचा भेव पुरत नाही काय तुले? तो बी विकत आनला?"

घरची भीती तेव्हा खरंच पुरत नव्हती. ती मागच्या चैत्रात आली.

आमच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं एक झाड आहे. बांधी म्हणजे धानाचं शेत. फुलं पहाटे पडतात, म्हणून बाया उजाडता उजाडता निघतात. आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून घ्यायचा, मग टोपल्यात एकेक फूल वेचायचं. पण मोहफुलं माणसांइतकीच अस्वलालाही आवडतात, आणि ते काही आपल्याला विचारून येत नाही. त्यासाठी पिपा. पिपा म्हणजे तेलाचा रिकामा चौकोनी पत्र्याचा डबा. घरातून निघालं की काठीनं तो वाजवत वाजवत झाडापर्यंत जायचं. आपण येतोय हे त्याला कळलं की ते आपण होऊन निघून जातं. कुणाचीच गाठ कुणाशी पडत नाही. चैत्रात आमच्याकडची सकाळ त्या आवाजानंच होते. झाडाखाली बाया अस्वलाचं नाव घेत नाहीत, 'कारा' म्हणतात, म्हणजे काळा.

त्या सकाळी ते आईवर आलं. डोक्याची कातडी एका बाजूनं सोलली गेली, डावा हात मोडला. पलीकडच्या बांधीतल्या बाया जिवाच्या आकांतानं ओरडल्या तेव्हा ते पळालं. आधी तुमसर, मग भंडाऱ्याचा मोठा दवाखाना. टाके, पट्ट्या, पुन्हा टाके. शुद्धीवर आल्यावर कुणीतरी विचारलंच, "पिपा वाजवला होता का?" आई म्हणाली, "हव. वाजवला होता."

आई वाचली, घरी आली, हातही बराच सरळ झाला. पण ती घराबाहेर पडेना. सुरुवातीला सगळे म्हणाले, होईल हळूहळू. धानाची रोवणी झाली, पावसाळा गेला, कापणी झाली, आई उंबरठ्याच्या आतच. मागच्या अंगणात जायचं तरी कुणीतरी सोबत हवं. वाळलेलं पान सरकलं की तिचा हात डोक्याच्या त्या बाजूला जायचा. जी बाई एकटी बांधीत जाऊन डुकरांना हाकलून यायची, ती भरदुपारी मला म्हणायची, "दार लाव ना वो." मला रडू यायचं आणि रागही यायचा. राग कुणावर ते मात्र कळायचं नाही. अस्वलावर रागवून काय उपयोग.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगून जायचा, की पिपा वाजवूनही आला म्हणजे आता काही खरं नाही. गावातल्या बायांनीही तेच धरलं. कुणी फटाके नेऊ लागल्या, कुणी जाणंच सोडलं. आणि माझ्या मनात तर ते रुतूनच बसलं. अस्वलापेक्षा मला त्या पिपाची भीती वाटायला लागली. जो नियम आईच्या आईनं तिला दिला, जो सगळ्या गावानं पाळला, तो पाळूनही जर ते येणार असेल तर मग आईला मी काय सांगून बाहेर काढू? चल, काही होत नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणू? खेळातल्या भुतालाही शब्द होता. इथं तोही नाही.

म्हणून दुसरा भाग आला तेव्हा मी उघडला नाही. घाबरणं ही मजेची गोष्ट आहे असं ज्या मुलीला वाटायचं, ती आता दुसरीच कुणी वाटत होती. शिवाय तो जर पहिल्याहून भयंकर निघाला, आणि त्यातली एखादी किंकाळी आईच्या कानावर गेली तर? मी नुसती ऑनलाइन लोकांची मतं वाचत बसायची. आणि लोक तर त्या खेळावर तुटून पडले होते. भीतीच नाही म्हणे. मुलीच्या हातात बंदूक दिली, वर लोखंडी सळई दिली. सोबतीला एक बडबड्या माणूस दिला, तो जरा म्हणून गप्प बसत नाही. वाट चुकायची सोय नाही, जमिनीवर बाण. आणि ज्याला पहिल्या भागात आम्ही शेवटपर्यंत धड पाहिलंही नव्हतं, ते इथं एक नाही, झुंडीनं, भरउजेडात फिरतंय.

मी चिडले. इतकी वर्षं वाट पाहायला लावून हे? आणि खरं सांगायचं तर मला हायसंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. आवडत्या माणसाचं लग्न मोडल्याची बातमी यावी आणि आपण आधी हळहळून मग हळूच खूश व्हावं, तसं काहीतरी.

धान घरात आल्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी तो उघडला. बाबा ड्युटीवर होते, आई आतल्या खोलीत पडली होती. भीती नाहीच आहे तर काय होतंय, असं म्हणत मी आवाज अगदी बारीक ठेवला. हेडफोन लावले नाहीत, आईनं हाक मारली तर ऐकू यायला हवी म्हणून. आणि लोक म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं. तो बडबड्या माणूस तर असा, की भुतानं आधी त्यालाच न्यावं असं वाटावं. मी त्याला शिव्या देत देत पुढं जात होते आणि मागून आवाज आला.

"कावो, हे काय होय?"

आई पाठीमागं उभी होती. पडद्यावर त्याच वेळी एक केसाळ, वाकडंतिकडं धूड पडक्या भिंतीआडून बाहेर येत होतं. मी लॅपटॉप मिटायला गेले.

"राहू दे," आई म्हणाली. "पाहू दे मले."

तिनं पाट ओढला आणि बसली. मला पडद्याकडं बघवेना, मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती डोळे बारीक करून, दुकानात साडीचा पोत बघते तसं, त्या धुडाला न्याहाळत होती.

"हा असा चालते?" ती म्हणाली. "मंग याच्या पायाचा आवाज काहून येत नाही? अना वास? जवर आला का आधी वास येते. सडल्यावानी."

"आई, लॅपटॉपला वास कुठून येणार?"

"नाही येत त मंग भेव कायचा?"

याचं उत्तर गेम बनवणाऱ्यांनाही सुचलं नसतं. मी भीत भीत पुढं खेळू लागले. आई अधूनमधून सांगत होती, पाठ करू नको, पळू नको, त्या बडबड्याला मनाव गप राह्य. मग आम्ही एका पडक्या दुकानात शिरलो. कोपऱ्यात पत्र्याचा चौकोनी डबा पडला होता. खेळ परदेशातला, पण डबा असा हुबेहूब, की आमच्याच पडवीतून उचलून नेलाय म्हणावं.

आई एकदम पुढं सरकली. "पिपा होय ना वो तो! हातात सरी आहे ना तुया? वाजव!"

सरी म्हणजे सळई. वाजवलं तर काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या भागापासून हा एकच तर नियम, आवाज केला की ते आलंच. पण कापणीच्याही आधीपासून जी बाई घरात कुणाला मोठ्यानं बोलू देत नव्हती, ती मला वाजव म्हणत होती. मी नाही कसं म्हणणार? मी बटण दाबलं. मुलीनं सळई उगारली आणि डब्यावर घातली. एकदा, दोनदा. आई मान डोलवत होती, बरोबर चाललंय म्हणून.

आणि ते आले. छपरावरून, दारातून, खिडकीतून. मुलगी खाली पडली, पडदा लाल झाला. मला वाटलं, संपलं. एवढ्या महिन्यांत जे काही सावरलं होतं ते मी एका बटणानं मातीत घातलं. आईच्या डोळ्यांसमोर पिपा वाजला आणि पिपानंच घात केला. आता ही उंबरठ्यापर्यंतसुद्धा यायची नाही.

"लबाड आहे हा खेळ," आई म्हणाली.

मी वर पाहिलं. ती घाबरली नव्हती. ती चिडली होती, अगदी पूर्वीसारखी, गाल फुगवून.

"पिपा वाजवला त कोनी येते का कधी? जंगलात पराते! ज्यानं हे बनवलं त्यानं जंगल पायलंच नाही. त्या दिशी बाया वरडल्या तवा पराला का नाही तो? आवाजाले तो बी भेते. वाजवला असता त..."

ती थांबली. पडदा पुन्हा सुरू करा म्हणून लुकलुकत होता. मी विचारलं, "वाजवला असता तर म्हणजे?"

तिनं साडीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी वाजवलाच नवता."

शेजारच्या काकूंचं घर आमच्या घराच्या आणि बांधीच्या मध्ये आहे. त्यांच्या सुनेला तेव्हा नुकतंच बाळ झालं होतं. ते रात्रभर रडलं होतं आणि उजाडताना कुठं झोपलं होतं. काकू अंगणात सडा घालत होत्या, त्यांनी आईला तसं सांगितलं. "मंग कायले उठवू मनलं," आई म्हणाली. "घर पार झालं का वाजवीन. घर पार झालं अना मी इसरली. टोपल्याचाच इचार करून राहिली होती."

"मग वाजवला होता म्हणून का सांगितलंस? सगळ्या गावाला?"

"अवो, मईना नवता झाला त्या लेकराले. लोकं काय मनले असते? जलमाले आलं अना शेजारनीले खाल्लं. पायगुन काढला असता त्याचा. ते जलमभर चिकटते, बाई."

डोक्याला टाके पडलेले, हात मोडलेला, शुद्ध पुरती आलेली नाही, आणि ही बाई खाटेवर पडून शेजारच्या लेकराचा पायगुण सांभाळत होती.

"मग तुला तर माहीत होतं पिपा वाजलाच नाही. मग एवढी भीती कशाची धरलीस?"

"रोज कोनी ना कोनी पुसे. मी सांगे, वाजवला होता. सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं," ती म्हणाली. "का वाजवला होता अना तरी बी आला." मग पडद्याकडं बोट दाखवून तिनं त्या मेलेल्या मुलीला सुनावलं, "असा वाजवला अना तरी बी आला मनते! खोटारडी."

आणि ती हसली. मी मात्र रडले, चांगली हुंदके देऊन रडले. आईला वाटलं मुलगी मेली म्हणून रडते आहे, तिनं समजूत घातली की पुन्हा लाव, पुन्हा उठेल ती. तिला कसं सांगू की एवढे महिने छातीवर जो दगड होता तो कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. पिपा चांगला होता. नियम शाबूत होता. जे झालं ते भयंकर होतं, पण ते कशानं झालं हे आता माहीत होतं. एवढंच मला हवं होतं.

पुढचे काही रविवार आम्ही दोघींनी मिळून तो खेळ संपवला. आई बंदुकीच्या विरोधात होती आणि बडबड्या माणसावर तिचा विशेष राग होता. शेवटी तो मेला तेव्हा तिनं "बरं झालं बापा" म्हणून चहा ठेवला. ऑनलाइन ओळखीच्या मंडळींनी विचारलं, कसा वाटला? मी लिहिलं की पहिल्याच्या जवळपासही पोचत नाही, पार वाट लावली आहे. ते खरंच होतं आणि माझं आजही तेच मत आहे. भीतीचा खेळ म्हणून तो सपशेल पडलेला आहे, आणि तो तसा पडला याबद्दल मी बनवणाऱ्यांची जन्माची ऋणी आहे. हे दुसरं वाक्य मी तिथं लिहिलं नाही. त्यांना काय कळणार.

एवढ्यानं आई लगेच बाहेर पडली असं मात्र नाही. आधी मागच्या अंगणात एकटी, मग फाटकापर्यंत, मग रस्त्यावरच्या नळापर्यंत. बांधीचं नाव ती काढत नव्हती आणि मीही काढलं नाही.

यंदाच्या चैत्रात एका सकाळी मी चूळ भरत होते. आई पडवीतून पिपा घेऊन आली. आतला कचरा झटकला, काठी शोधली. मला म्हणाली, "टोपला घे अना चाल." मी तांब्या खाली ठेवला आणि टोपलं उचललं.

फाटकापासूनच तिनं वाजवायला सुरुवात केली. हात अजून पूर्ण वर जात नाही, त्यामुळं पिपा छातीशी धरलेला. मी मागून इकडंतिकडं बघत चालले होते, ती सरळ समोर बघत. काकूंचं घर जवळ आलं तसं मला वाटलं, आता ती हळू वाजवेल. उलट तिनं जोर केला. त्या घरासमोर तर ती थांबलीच, आणि असा पिपा बडवला की कोंबड्या सैरावैरा पळाल्या.

आतून पोर रडायला लागलं. काकू त्याला कडेवर घेऊन डोळे चोळतच बाहेर आल्या. "काय वो बाई! लेकरू उठलं ना!"

"उठू दे," आई म्हणाली. "मांगच्या साली झोपू देल्लं होतं."

काकूंनी आईकडं पाहिलं, पदराखालून कपाळावर उतरलेल्या त्या व्रणाकडं पाहिलं, मग कडेवरच्या नातवाकडं. त्यांना सगळं कळल्याचं मला दिसलं. पोर मात्र रडायचं थांबून पिपाकडं टक लावून बघत होतं आणि दोन्ही हात पुढं करत होतं.

आईनं त्याच्या हातात काठी दिली आणि पिपा त्याच्यासमोर धरला. "वाजव बापा," ती म्हणाली. "जोरानं वाजव."